आजारी पिलांची शुश्रूषा

(शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या बैठकीत झालेले भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलण्यास उभे आहो, तो ऐकून कित्येकांस हसू येईल. सभा भरवावी तर शेतमालाच्या भावावर बोलावे, कर्जावर बोलावे, मुलामुलींच्या शिक्षणावर बोलावे; कोंबडीच्या पिलांवर काय भाषण करायचे, असे कोणी म्हणेल. पण आम्ही आपणांस विचारतो की, मुलीच्या वहीपेन्सिलीचा पैसा घरात कोठून येतो? कांद्याचा, कापसाचा, उसाचा पैसा येतो तो घरधन्याच्या हाती येतो, आणि येण्यापूर्वीच सोसायटीच्या व दुकानदाराच्या खात्यावर त्याची वाटणी होऊन गेलेली असते. सुताराची, कुंभाराची, कोष्ट्याची मजुरी आली तर तीही तशीच जाते. अंड्याचा पैसा मात्र बाईच्या कनवटीला लागतो. त्यातून मीठमिरची येते, तापाची गोळी येते, एसटीचे तिकीट येते. तेव्हा खुराड्यातले पिलू मेले म्हणजे घरातल्या बाईच्या हातचा पैसा मेला, हे ध्यानात घेऊन हा विषय ऐकावा.

आता थोडा हिशेब करू. समजा, एक खुडूक कोंबडी बारा अंड्यांवर बसवली आणि दहा पिले निघाली. दोन महिन्यांनी अंगणात पाहावे तो तीनच उरलेली. एक घारीने नेले, एक मांजराने नेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. बाकीची पाच कोठे गेली? ती आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत, माना टाकून मेली. घार आली तर आपण दगड घेऊन धावतो, मांजरावर काठी उगारतो. पण ज्याने अधिक पिले नेली त्याच्यावर मात्र आपण काहीच उगारत नाही. "पिलांचे असेच असते, जगली तर जगली," असे म्हणून गप्प बसतो.

कोणी म्हणतात, नजर लागली. कोणी म्हणतात, देवीचा कोप झाला. आम्ही कोणाच्या श्रद्धेची टवाळी करण्यास येथे आलो नाही. पण काही साधे प्रश्न विचारतो. कोप व्हायचा तर तो पावसाच्या झडीतच आणि पौषाच्या थंडीतच जास्त का व्हावा? ज्या घराचे खुराडे कोरडे आहे त्या घरची पिले जास्त का जगावी? बाजारातून नवी कोंबडी आणून जुन्यांत सोडली की आठ-पंधरा दिवसांत मरीची सुरुवात का व्हावी? आणि पिले वाचावी म्हणून कोंबडा कापतात, त्याचा हिशेब तर कोणी सांगूच नये! रोगाने नेली ती नेलीच, आणि जो धडधाकट उरला होता तो आपण आपल्या हाताने नेला. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही; तसेच कारणाकडे पाठ फिरवली म्हणून पिले मरायची थांबत नाहीत.

तेव्हा कारण पाहू. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांनी फुटते. बाहेर येण्याच्या सुमारास अंड्यातला उरलेला बलक पिलाच्या पोटात ओढला जातो आणि दोन-तीन दिवस त्यावर त्याचा निर्वाह चालतो. म्हणून पहिल्या दिवशी पिलू दाणा कमी खाते, त्याची काळजी नको. काळजी उबेची हवी. मोठ्या कोंबडीच्या अंगात सुमारे ४१ अंश सेल्सिअस उष्णता असते आणि ती पिसांच्या पांघरुणाने टिकते. पिलाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. पहिले दहा-पंधरा दिवस त्याला आपल्या अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पिलाच्या जागेची उष्णता सुमारे ३५ अंश पाहिजे, आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करीत आणावी. पाच-सहा आठवड्यांत पिसे भरली की मग फारशी गरज उरत नाही.

हे अंश मोजायला यंत्र कोठून आणावे, असे आपण म्हणाल. यंत्राची गरज नाही, पिलेच यंत्र आहेत. ती एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून बसली आणि सारखी चिवचिव करू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे. उबेपासून पळून कडेला गेली, चोची उघडून धापा टाकू लागली, तर उकडते आहे. सगळी एकाच कोपऱ्यात दडली, तर वाऱ्याचा झोत लागतो आहे. जागेवर सारखी पसरून निवांत बसली, काही खाताहेत, काही झोपली आहेत, तर सर्व ठीक आहे. रात्री निजण्यापूर्वी एवढे पाहण्यास एक मिनिट लागत नाही.

पिलांची उत्तम दाई म्हणजे त्यांची आईच. पण तिच्यातही एक खोड असते. ती उकिरड्याच्या आशेने पुढे चालू लागली म्हणजे अशक्त पिलू मागे राहते. मागे राहिले की गारठते. गारठले की त्याला चालवत नाही. चालवत नाही म्हणून उपाशी राहते. संध्याकाळी ते कुंपणाखाली मेलेले सापडते आणि आपण म्हणतो, काहीतरी रोग झाला. यावर उपाय असा की, पहिले आठ-दहा दिवस कोंबडीला पिलांसह मोठ्या डालग्याखाली कोरड्या जागी ठेवावे, दाणापाणी तेथेच द्यावे, आणि ऊन चढल्यावर थोडा वेळ अंगणात सोडावे. पावसात तर मुळीच सोडू नये. भिजलेले पिलू रोग नसतानाही मरते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सकाळी खुराडे उघडले आणि एक पिलू पंख खाली सोडून, डोळे मिटून, अंग फुगवून एकटे उभे आहे असे दिसले. काय करावे? पुष्कळ घरी अशा वेळी पहिले काम होते ते कोणीतरी सांगितलेली पूड त्याच्या चोचीत कोंबण्याचे. याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. आम्ही सांगतो तो क्रम लक्षात ठेवा: आधी वेगळे करणे, मग ऊब, मग पाणी, मग दाणा, आणि औषध सर्वांत शेवटी.

वेगळे करणे हे पहिले, ते दोन कारणांनी. रोग असेल तर तो बाकीच्यांना लागू नये. आणि आजारी पिलाला धडकी पिले टोचतात, तुडवतात, पाण्याजवळ येऊ देत नाहीत. बुरडाची एखादी पाटी किंवा पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्यात वर्तमानपत्रावर जुने सुती फडके पसरावे. नुसत्या गुळगुळीत कागदावर पिलाचे पाय घसरतात आणि फाकतात. फाकलेच तर मऊ चिंधीची पट्टी दोन्ही पायांना सैल बांधून पाय अंगाखाली येतील असे करावे. अगदी लहान पिलाचे पाय तीन-चार दिवसांत पुष्कळदा सरळ होतात.

दुसरी ऊब. घरात वीज असेल तर जुन्या तऱ्हेचा तापणारा साठ वॅटचा दिवा खोक्याच्या एका बाजूस वर टांगावा. हल्लीच्या एलईडी दिव्याला ऊब नसते. दुसरी बाजू थंड राहू द्यावी, म्हणजे पिलाला हवी तिकडे सरकता येते. फडके किंवा कागद दिव्याला लागणार नाही हे पाहावे. वीज नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, ती फडक्यात गुंडाळून पिलाजवळ ठेवावी आणि निवली की पाणी बदलावे. निखाऱ्याचे गाडगे ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे, पण बंद खोलीत निखारे ठेवू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. त्याने पिलेही मरतात आणि त्याच खोलीत निजलेली माणसेही मरतात. पिलू ओले असेल तर आधी कोरड्या फडक्याने हळू टिपून घ्यावे. गारठलेल्या पिलाला ऊब मिळण्यापूर्वी चारण्याच्या भरीस पडू नये. थंड अंगात अन्न पचत नाही.

तिसरे पाणी. अंग तापल्यावर कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून, बोट किंवा कापसाचा बोळा बुडवून, चोचीच्या कडेला एक-एक थेंब लावावा. पिलू आपण होऊन गिळते. चोच उघडून घशात पाणी ओतू नये. ते श्वासनळीत गेले की पिलू तुमच्याच हातात जाते. तासातासाने असे करावे. गुळाचे पाणी एक दिवस पुरे. पुढे साधे स्वच्छ पाणी द्यावे, कारण गोड पाणी उन्हात आंबते. पाण्याचे भांडे उथळ असावे. बशीत वाटी पालथी घालून कडेने पाणी भरावे किंवा बशीत स्वच्छ खडे टाकावे, म्हणजे पिलू बुडत नाही व भिजत नाही.

चौथा दाणा. पिलू डोळे उघडून टुकटुक पाहू लागले की उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून चिमूटभर द्यावा, किंवा ज्वारी-मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी कोमट पाण्याने ओली करून द्यावी. ओला दाणा दोन तासांनी उरला तर टाकून द्यावा. वाळवी हे तर पिलांचे उत्तम खाद्य. वाढत्या पिलाला निव्वळ कण्यांवर ठेवू नये. त्याला प्रथिने लागतात, म्हणून भुईमुगाची पेंड, मासळीची कुटी यांपैकी काही मिसळावे. पण पेंड बुरशी लागलेली मुळीच घालू नये. १९६० साली इंग्लंडात टर्की जातीचे एक लाखावर पक्षी मेले. कारण शोधता शोधता लोक भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. तिच्यावरच्या बुरशीत विष होते आणि ते पक्ष्यांचे काळीज, म्हणजे यकृत, नासवीत होते. आपल्या घरी माणसांना नको झालेले बुरसट धान्य कोंबड्यांपुढे टाकण्याची जी रीत आहे ती या एका गोष्टीसाठी बंद करावी.

आणखी एक बारीकसे काम आहे. कित्येक लहान पिलांच्या शेपटाखाली विष्ठा वाळून चिकटते आणि मार्ग बंद होतो. ती उपटून काढू नये, कातडे निघते. कोमट पाण्याचे फडके धरून ती मऊ करावी, पुसून काढावी, जागा कोरडी करून थोडे खोबरेल तेल लावावे. मात्र शेपटाखालची जागा आणि पोटावरची बेंबी यांची गफलत करू नये. नवजात पिलाच्या बेंबीशी खपलीचा धागा असतो, तो ओढला तर आतडे बाहेर येऊन पिलू मरते.

भगिनींनो, आतापर्यंत सांगितलेल्या कामास खर्च किती आला? एक जुने खोके, एक बाटली, गुळाचा खडा. थंडीने, तहानेने, ओलीने खचलेले पिलू असेल तर एवढ्याने ते दिवसभरात उभे राहते. नाही राहिले, तर समजावे की आत रोग आहे. रोग म्हणजेसुद्धा काही अगम्य गोष्ट नव्हे. त्याची विष्ठा पाहावी, वय पाहावे आणि किती पिलांना लागला ते पाहावे.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी, खडूसारखी हगवण लागून पिले मरू लागली, तर ती पांढरी हगवण असण्याचा संभव असतो. तिचे जंतू कोंबडीच्या पोटातून अंड्यात उतरतात आणि अंड्यातून पिलात येतात. म्हणजे आई वरून धडकी दिसते आणि दर खेपेस पिले मरतात. या रोगातून जगलेले पिलू मोठे होऊन पुन्हा तोच रोग अंड्यांतून देते. म्हणून ज्या कोंबडीची पिले दोनदा अशी मेली, तिची अंडी उबवण्यास बसवू नयेत, आणि जगलेली पिलेही वाणासाठी राखू नयेत. पशुवैद्य रक्त तपासून याचा निर्णय सांगू शकतात.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना रक्तमिश्रित हगवण लागली, ती पिंजारून बसू लागली, तुरा पांढरा पडला, तर ती रक्ती हगवण होय. हिला कारण डोळ्यांना न दिसणारा एक जीव, तो आतड्यात वाढतो. त्याची बीजे विष्ठेतून पडतात आणि ओलसर व उबदार तुसात एक-दोन दिवसांत तयार होऊन पुन्हा दाण्यापाण्याबरोबर पोटात जातात. म्हणून हा रोग खरा म्हणजे ओल्या जमिनीचा रोग आहे. यावर अँप्रोलियम नावाचे औषध पाण्यातून देतात. प्रमाण पशुवैद्याला विचारून किंवा पुडीवर लिहिले आहे तेवढेच घ्यावे. दुप्पट दिले म्हणून दुप्पट गुण येत नाही. आजारी पिलू दाणा सोडते पण पाणी पिते, म्हणून औषध पाण्यात. आणि एकाला दिसले तरी सगळ्यांना द्यावे, कारण बाकीच्यांच्याही पोटात तो जीव असतोच. हे औषध चालू असता ब-जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये, त्याने औषधाचा गुण मारला जातो. त्याबरोबर जुने तूस काढून, जमीन खरवडून, उन्हात वाळवून, कोरडे तूस पसरावे. साध्या फिनेलने ती बीजे मरत नाहीत. कोरडेपणा आणि कडक ऊन यांनी मरतात. पाण्याच्या भांड्याखाली दोन विटा ठेवल्या तरी पाणी कमी सांडते व विष्ठा कमी पडते.

पिलू मान वर करून, चोच उघडून श्वास घेते पण घशात घरघर नाही, आणि अंथरलेला पेंढा कुबट वासाचा आहे, तर फुफ्फुसात बुरशी गेलेली असू शकते. त्यावर उपयोगी पडेल असे औषध नाही. तो पेंढा लगेच बाहेर काढून जाळावा, म्हणजे बाकीची वाचतात.

तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कडेला फोड येऊन खपल्या धरल्या, तर त्या कोंबड्यांच्या देवी. नाव देवी असले तरी हा एका विषाणूचा रोग असून तो डासांच्या चाव्यातून व एकमेकांच्या जखमांतून पसरतो. डोळे मिटून गेल्यामुळे पिलू उपाशी मरते. म्हणून कोमट मिठाच्या पाण्याने डोळे दिवसातून दोनदा पुसावे आणि दाणापाणी चोचीशी न्यावे. तीन-चार आठवड्यांत पुष्कळ पिले बरी होतात. खपल्या ओरबाडू नयेत. घशात पांढरे पापुद्रे धरले तर मात्र पशुवैद्याकडे जावे. या रोगाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला पंखाच्या पडद्यात टोचतात.

आता ज्याच्यासाठी आम्ही मुद्दाम उभे राहिलो ती गोष्ट सांगतो. ती मानमोडीची. म्हाताऱ्या माणसांनी हे नाव आपल्या वाडवडिलांच्या तोंडी ऐकले असेल; १९१८ साली माणसांत जो तापाचा भयंकर फेरा आला त्यालाही आपले लोक मानमोडीच म्हणत. कोंबड्यांची मानमोडी त्याहून वेगळी. तिला राणीखेत म्हणतात. १९२६ च्या सुमारास हा रोग जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ओळखला गेला आणि त्यानंतर लवकरच हिमालयाच्या पायथ्याकडील कुमाऊँ भागात राणीखेत येथे सापडला, म्हणून आपल्या देशात ते नाव पडले. हिरवट पातळ हगवण, घरघर, लुळे पडणारे पाय व पंख, आणि मान पिळवटून मागे किंवा बाजूला वळणे, ही याची खूण. चार दिवसांत खुराडेच्या खुराडे रिकामे होते.

या रोगावर औषध नाही. हळद, लसूण, आले यांनी दाणा थोडा रुचकर होत असेल, त्याला आमची हरकत नाही. पण त्याने मानमोडी जात नाही. बाजारात कोणी पुडी विकीत असेल आणि तिने मानमोडी बरी होते असे सांगत असेल, तर तो आपला पैसा नेतो आहे असे खुशाल समजावे. माणसांसाठी आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्याही घालू नयेत. त्या विषाणूवर चालत नाहीत, आणि त्यांचा अंश अंड्यामांसातून आपल्याच मुलांच्या पोटात जातो. मानमोडी झालेल्या पिलाची ऊबपाण्याने सेवा करावी, क्वचित एखादे जगते. पण त्याची मान जन्मभर वाकडी राहू शकते.

औषध नसले तरी लस आहे, आणि ती नवीन नाही. १९४० नंतरच्या दशकातच कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्या देशात ती तयार झाली. आज आपल्या राज्यात पुण्याजवळ औंध येथे सरकारी संस्थेत कोंबड्यांच्या लसी बनतात. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा किंवा एफ जातीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. सुई टोचावी लागत नाही. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी, अधिक जोराची लस कातडीखाली टोचतात. ही दुसरी लस लहान वा अशक्त पिलांना देऊ नये. कोणतीही लस धडक्या पिलांनाच द्यावयाची असते. मरी आल्यावर लस मागण्यास धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

मग इतकी सोपी गोष्ट असता आपल्या अंगणात ती का येत नाही? आपण अडाणी म्हणून? मुळीच नाही. कारण असे आहे की लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. ज्याचा हजारो पक्ष्यांचा कारखाना आहे त्याला ती परवडते. आपल्या घरी दहा पिले. शंभराची कुपी कोण आणणार? म्हणून कोणीच आणत नाही. आणि रोग आला की तो एका घराचा राहत नाही. माझी कोंबडी तुझ्या उकिरड्यावर जाते, तुझी माझ्या अंगणात येते. मरणे साऱ्या आळीचे आणि उपाय मात्र ज्याचा त्याने करायचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

याचे उत्तर आपल्या जुन्या म्हणीतच आहे: गाव करी ते राव न करी. एका आळीत पंधरा घरे असतील तर शंभर-सव्वाशे पक्षी सहज भरतात. ठरवून एकाच आठवड्यात खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवाव्या, म्हणजे पिले एका वयाची निघतात. आळीतल्या एखाद्या शिकत्या मुलीने वहीत घर, पिलांची संख्या आणि जन्माची तारीख लिहावी. तालुक्याच्या किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आठ दिवस आधी जाऊन लसीची तारीख मागावी. एकट्या बाईला "आज साहेब नाहीत, उद्या या" म्हणून परत पाठवणे सोपे असते. पंधरा घरांच्या सह्यांचा कागद परत पाठवणे तितके सोपे नसते. कुपी आणण्यास बर्फ घातलेला थर्मास न्यावा. पहाटे पिले खुराड्यातच असताना, उन्हापूर्वी, सगळ्या घरी एका दमात काम उरकावे. त्यात कोणाचे घर वगळू नये. अमक्याच्या अंगणात आम्ही पाय ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की रोगाला जात ठाऊक नाही. ज्या घराची पिले लसीवाचून राहतील, तेथून मानमोडी पुन्हा सगळ्यांकडे येईल.

नवी कोंबडी बाजारातून किंवा पाहुण्याकडून आली तर ती एकदम जुन्यांत सोडू नये. दोन-तीन आठवडे दूर बांधावी, तिचे दाणेपाणी आपल्या पिलांनंतर करावे. आधी धडकी, मग आजारी, आणि मग हात साबणाने धुणे, हा क्रम रोजच्या कामातही पाळावा. पिलांच्या विष्ठेतले काही जंतू माणसांनाही हगवण लावतात. म्हणून लहान मुलांनी पिलांचे मुके घेऊ नयेत, आणि पिलांना हात लावून तसेच भाकरीला बसू नये.

एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर काय करावे, तेही सांगतो. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. आपल्या देशात तो त्या वेळी प्रथमच आला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हा रोग क्वचित माणसासही होतो व तो जिवावर बेततो. म्हणून अशा मरीत "वाया कशाला घालवायची" म्हणून मरू घातलेली कोंबडी कापून खाऊ नये, बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, ओढ्यात फेकू नये. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नयेत. विहिरीपासून दूर खोल खड्डा करून, चुना टाकून पुरावे, आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. गरिबाला एक कोंबडी टाकून देणे किती जड जाते हे आम्ही जाणतो. पण शेजाऱ्याला रोग विकून आलेला पैसा घरात टिकत नाही, कारण तोच रोग परत आपल्याकडे येतो.

शेवटी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आम्ही सांगितले ते सर्व केले तरी दहाची दहा पिले जगतीलच असे नाही. एखादे जन्मतःच अशक्त असते, ते जाते. त्याबद्दल कोणी घरातल्या सुनेला बोल लावू नये. "हिच्या हाताला यश नाही" असे म्हणणाऱ्या सासूने आधी खुराड्याची जमीन हाताने चाचपून पाहावी, ओली आहे की कोरडी. पण दहातून तीन जगण्याऐवजी सात जगली, तर तेवढ्यात मुलीच्या वह्याही येतील आणि आठवड्यातून दोन अंडी तिच्या ताटातही पडतील. आमच्या घरची अंडी बाजारात जातात आणि आमचीच मुले कोरडी भाकरी खाऊन शाळेत जातात, हेही बदलले पाहिजे.

तर आज येथून उठताना एवढे करून उठावे. प्रत्येक आळीने आपल्यातली एक बाई निवडावी. तिने येत्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन लसीची तारीख विचारून यावी, आणि दुसऱ्या दिवशी घरोघर सांगावी. आणि आज रात्री, घरी गेल्यावर, निजण्यापूर्वी दिवा घेऊन खुराड्यात डोकवावे. पिले ढीग करून बसली असतील तर त्यांच्यावर पोते टाकून वाऱ्याची फट बुजवावी, पण श्वासापुरती वाट मोकळी ठेवावी. औषधाची गोष्ट उद्या. ऊब आजच द्यावी.